पडद्यावरचे डॉक्टर कोटणीस



गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की पडद्यावर नायक मरायला टेकला म्हणजे सारा तंबू मुसमुसू लागतो. मीही तसाच रडलो आहे. चित्रपट होता 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. दुसऱ्या दिवशी शाळेत मी मोठ्या ऐटीत सांगितले, "आपल्या सोलापूरचे डॉक्टर चीनमध्ये प्लेगने वारले." गुरुजी म्हणाले, "सोलापूरचे हे खरे, चीनमध्ये वारले हेही खरे. पण प्लेगने नव्हे." ते 'नव्हे' माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. सिनेमा, बातमी आणि राजकारण यांची जी काही थोडीफार समज मला आली, तिची सुरुवात तिथेच झाली.

आधी खरी हकीगत ऐका. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. डॉक्टरकीचे शिक्षण मुंबईत झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. जखमींच्या सेवेसाठी चीनने डॉक्टर मागितले, आणि १९३८ मध्ये राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सुभाषबाबू त्या वेळी राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. पथकातले चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, त्यांना एक मुलगा झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने ते गेले. अपस्मार म्हणजे आपण ज्याला फेफरे म्हणतो तेच.

ही हकीगत ख्वाजा अहमद अब्बास या पत्रकाराने १९४४ साली पुस्तकरूपाने लिहिली. तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. डॉक्टर स्वतः शांतारामबापू झाले, आणि चिनी पत्नीचे काम जयश्रीबाईंनी केले. त्यात डॉक्टर प्लेगशी झुंजतात आणि त्याच प्लेगला बळी पडतात. असे का केले असेल? मला वाटते, रोग्याचा रोग अंगावर घेऊन मरणारा वैद्य प्रेक्षकाच्या काळजाला चटकन भिडतो. फेफऱ्याने आलेले मरण पडद्यावर शोभत नाही, अशी समजूत असावी.

पण याचा हिशेब मांडून पाहा. फेफरे येणाऱ्या पोराला आपल्याकडे कांदा हुंगवतात, जोड्याचा वास देतात. कुणी बाहेरची बाधा म्हणतो, कुणी त्याला शाळेतून काढून घरी बसवतो. मुलगी असली तर गोष्ट लपवून ठेवतात. स्वतःला झटके येत असतानाही जखमींवर उपचार करीत राहिलेला सोलापूरचा डॉक्टर जसाच्या तसा पडद्यावर आला असता, तर त्या पोराच्या आईला केवढा धीर मिळाला असता! चित्रपटाने त्याग खरा दाखवला, पण एक तपशील बदलला. आणि त्या तपशिलाबरोबर धीर देणारी एक गोष्टही गेली. म्हणून सिनेमा बघू नये, असे मी म्हणत नाही. बघावा, रडावे, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारावे.

आता राजकारणाकडे या. १९४६ साली हा चित्रपट लागला, तेव्हा चीन म्हणजे जपानी स्वारीला तोंड दिलेला आपला शेजारी होता. १९६२ मध्ये त्याच चीनशी आपले युद्ध झाले. तोच चित्रपट, तेच डॉक्टर, पण प्रेक्षकाचे मन पालटले. पुढे १९८२ साली चीनने कोटणीसांचे टपाल तिकीट काढले, आणि १९९३ साली भारतानेही काढले. डॉक्टरांच्या आयुष्यात यातल्या कशानेच काडीचा फरक पडला नाही. ते १९४२ सालीच थांबले होते. फिरले ते राजकारण. वाऱ्याबरोबर मोठ्या माणसाची आठवण कधी पुढे आणली जाते, कधी मागे सारली जाते. जी बातमी आपल्यापर्यंत येते तिच्यावरही तो वारा लागलेला असतो.

तेव्हा मंडळी, वर्तमानपत्र असो, पडदा असो की हल्ली हातोहात फिरणारी मोबाइलवरची चित्रफीत असो, तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हे कोण सांगतो आहे? केव्हाचे आहे? आणि यातून काय गाळले आहे? निवडणुकीच्या दिवसांत तर तिसरा प्रश्न आधी विचारा. जुन्या दंगलीची चित्रफीत आजची म्हणून पारावर आली, तर दोन शेजाऱ्यांची तोंडे फिरायला वेळ लागत नाही. मग ती पुन्हा सरळ व्हायला वर्षे जातात.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. आठवड्यातून एकदा वर्गात एकच बातमी घ्या. दोन वर्तमानपत्रांतली ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि फरक फळ्यावर लिहा. उत्तर तुम्ही सांगू नका. पोरे बरोबर शोधतात. आणि सोलापूरला सहल नेलीत, तर डॉक्टर कोटणीसांचे स्मारक जरूर दाखवा. तिथे मुलांना सांगा, हे आपल्याच जिल्ह्याचे होते. ते प्लेगने गेले नाहीत. त्यांना फेफरे येत असे, आणि तरीही ते शेवटपर्यंत काम करीत राहिले.

वर्गात एखादे पोर ते ऐकून मान वर करील.