पुनर्वसन वैद्यकातील दूरशिक्षण : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना

अपघाताने अथवा आजाराने गमावलेली कार्यक्षमता रुग्णास शक्य तितकी परत मिळवून देणे, हे पुनर्वसन वैद्यकाचे उद्दिष्ट होय. हे कार्य एकट्या डॉक्टरांचे नसून परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ व समाजकार्यकर्ते यांच्या संघाचे असते. प्रगत प्रशिक्षणाची केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी दूरशिक्षण महत्त्वाचे ठरते.

मज्जारज्जूच्या दुखापतीचे उदाहरण

इंटरनॅशनल स्पायनल कॉर्ड सोसायटीने २०१२ मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीविषयी ‘ई-लर्न एससीआय’ हा आंतरजालावरील अभ्यासक्रम सुरू केला. त्यात संपूर्ण संघासाठी सामायिक घटक असून डॉक्टर, परिचारिका व विविध उपचारतज्ज्ञ यांच्यासाठी स्वतंत्र घटक आहेत.

अशा शिक्षणाचे मोल एका उदाहरणावरून स्पष्ट होते. छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर दुखापत झालेल्या रुग्णाचा रक्तदाब अचानक धोकादायकरीत्या वाढू शकतो. या अवस्थेस ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ म्हणतात. तुंबलेले मूत्राशय हे तिचे नेहमी आढळणारे कारण होय. रुग्णास ताबडतोब बसते करणे, घट्ट कपडे सैल करणे व मूत्रनलिका तुंबली आहे का ते पाहणे, हे प्राथमिक उपाय होत. लक्षणे ओळखली न गेल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. येथे उणीव यंत्रसामग्रीची नसून माहितीची असते आणि माहिती दूरवर पोहोचविता येते.

मर्यादा

तथापि, स्नायूंचा ताठरपणा हातालाच जाणवावा लागतो. रुग्णास पलंगावरून चाकांच्या खुर्चीत कसे हलवावे, हे चित्रफितीत पाहता येते. परंतु ते कौशल्य अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेल्या सरावानेच अंगी बाणते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांचे पदवी अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालविण्यास मनाई केली, ती या दृष्टीने समर्थनीय ठरते.

समारोप

सारांश, दूरशिक्षण हे मूळ पदवीचा पर्याय नसून सेवांतर्गत शिक्षणाचे साधन होय. सैद्धान्तिक भाग दूरस्थ पद्धतीने शिकवून त्यास जवळच्या रुग्णालयातील प्रत्यक्ष सरावाची जोड देणे इष्ट ठरेल. मूल्यमापनही केवळ लेखी परीक्षेवर थांबू नये. प्रशिक्षित परिचारिकेच्या कक्षातील रुग्णांना शय्याव्रण होण्याचे प्रमाण घटले की नाही, ही अशा शिक्षणाची खरी कसोटी होय.