नगरच्या बागा आणि पाण्याची वाट

इटलीत टिवोली येथे सोळाव्या शतकात एका कार्डिनलने करविलेली बाग आहे. नदीचे पाणी भुयारातून आणून तेथली कारंजी निव्वळ उताराच्या जोरावर उडविली. ती पाहावयास लोक समुद्र ओलांडून जातात. त्याच शतकात हीच विद्या आपल्या नगरात नांदत होती. तिकडे मात्र आपली पावले वळत नाहीत. म्हणून एका रविवारी विडी कामगार मंडळींसह आम्ही निघालो.

सकाळी ह्यूम मेमोरियल चर्च बाहेरूनच पाहिले. आत उपासना चालू होती. अमेरिकन मिशन नगरास आले १८३१ साली. मिशनच्या मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले येथेच अध्यापन शिकल्या, हे ऐकून आमच्यातील एक बाई बराच वेळ फाटकाशी उभ्या राहिल्या.

तेथून भिंगारच्या बाजूस दमडी मशीद. १५६७ची ही लहानशी वास्तू. दगडावरचे कोरीव काम जवळ जाऊन पाहावे. ती सरदार साहिरखानाने बांधविली, असे इतिहासात आहे. लोक म्हणतात, किल्ल्यावरच्या मजुरांनी दमडी दमडी काढून बांधली. वर्गणीची पावतीपुस्तके वागविण्यात आमचे आयुष्य गेले, तेव्हा आमचा कल कोणीकडे हे सांगावयास नको!

दुपारी फराहबाग. भल्या मोठ्या चौकोनी तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल. काम पुरे झाले १५८३ साली, सलाबतखानाच्या देखरेखीखाली. त्या काळी नगरच्या बागांना आणि वस्तीला पाणी खापरी नळांनी मिळे. ते असे : कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा उंचावरच्या गावांकडे पाणी धरावयाचे, तेथून जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या एकीत एक बसवून चुन्याने सांधावयाच्या. वाटेत ठिकठिकाणी बांधीव मनोरे, त्यांना उच्छ्वास म्हणत. नळात कोंडलेली हवा तेथून निसटे आणि दाबाने नळी फुटत नसे. उतार मात्र अखंड हवा. कोठे नळी थोडी वर उचलली गेली की तेथे हवा अडली, गाळ साचला, पुढची बाग वाळली. हा उतार डोळ्याने आणि दोरीने साधणारे कुंभार, गवंडी, बेलदार कोण होते? सलाबतखानाची कबर डोंगरावर दुरून दिसते. यांचे नाव कोणत्याही दगडावर आम्हाला आढळले नाही.

आमच्याबरोबर नळकाम करणारे एक निवृत्त गृहस्थ होते. खापरी नळाचा एक फुटका तुकडा त्यांनी हातात घेतला, सांध्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "चुना अजून धरून आहे की!"

जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. आम्ही गेलो तेव्हा तलाव कोरडा होता.