अल्पपर्यटित देश आणि त्यांची मोजदाद

जगात ज्या देशांना सर्वांत कमी परदेशी प्रवासी भेट देतात, त्यांची फिरिस्त दरवर्षी कुठे ना कुठे प्रसिद्ध होते आणि नकाशा पुढ्यात पसरून बसण्याचा ज्याला छंद आहे असा वाचक ती आवडीने वाचतो. पॅसिफिक महासागरातील तुवालू, किरिबाती, नाऊरू व मार्शल बेटे, मध्य आशियातील तुर्कमेनिस्तान, आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्रात असलेले साओ टोमे, ही नावे थोड्याफार फरकाने प्रत्येक फिरिस्तीत आढळतात. नावांपुढे आकडे असतात. आणि आकडा एकदा छापला गेला की त्याच्या उगमाची चौकशी करण्याचे भान सहसा कोणास राहत नाही. ती चौकशी चिकाटीने केली असता असे दिसून येते की, फिरिस्तीतील कित्येक स्थाने त्या त्या देशात प्रवासी किती गेले यावरून ठरलेली नसून, प्रवासी मोजण्याची वही कोणत्या अंमलदाराच्या हाती होती आणि त्या वहीत कोणाची नोंद करावयाची असा तेथील शिरस्ता होता, यावरून ठरलेली आहेत.

पर्यटक कोणास म्हणावे याचा निवाडा राष्ट्रसंघाच्या अमदानीत, १९३७ साली प्रथम झाला. आपल्या नित्य वास्तव्याच्या देशाखेरीज अन्य देशात जो किमान चोवीस तास राहतो तो परदेशी पर्यटक, असे तेव्हा ठरले. पुढे १९६३ मध्ये रोम येथे भरलेल्या परिषदेने ‘अभ्यागत’ असा एक व्यापक वर्ग कल्पून त्याचे दोन पोटभेद केले : रात्रीचा मुक्काम करणारा तो पर्यटक आणि त्याच दिवशी परतणारा तो सहलीचा प्रवासी. माद्रिद येथील जागतिक पर्यटन संस्था, जी २००३ पासून संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था आहे, ती हीच विभागणी काही दुरुस्त्यांसह आजही चालवते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक अशी की, या व्याख्येनुसार पर्यटक होण्यासाठी मौजेचा हेतू मुळीच आवश्यक नाही. व्यापार, परिषद, औषधोपचार, तीर्थयात्रा किंवा आतेबहिणीचे लग्न यांपैकी कोणतेही कारण चालते. मात्र त्या देशातील धन्याची चाकरी करून पगार घ्यावयाचा नाही आणि वर्षाच्या आत परतावयाचे, एवढीच अट. दुसरी अशी की, मोजली जातात ती माणसे नव्हेत, आगमने. एकच व्यापारी वर्षातून दहा वेळा आला तर हिशेबात तो दहा पर्यटक होतो.

याहून मोठी अडचण मोजण्याच्या पद्धतीची आहे. कोणी देश हद्दीवर येणाऱ्या सर्व अभ्यागतांचा आकडा कळवतो, कोणी त्यांतून एका दिवसाचे प्रवासी वगळतो, कोणी केवळ हॉटेलांच्या नोंदवह्यांची बेरीज करतो, तर कोणी हॉटेलांबरोबर इतर निवासस्थानेही त्यात धरतो. हे चारही प्रकारचे आकडे एकाच कोष्टकात शेजारी शेजारी बसवले जातात आणि त्यांतील भेद सुचवणारी लहानशी सांकेतिक अक्षरे समासात किंवा तळटीपेत राहतात. कोष्टकाची नक्कल करणारा पहिला मनुष्य ती अक्षरे गाळतो; दुसऱ्याला ती कधी होती हेही ठाऊक नसते.

मोल्दोवाची कैफियत या दृष्टीने बोधप्रद आहे. रुमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये वसलेल्या या द्राक्षमळ्यांच्या देशाला कित्येक वर्षे ‘युरोपातील सर्वांत कमी पर्यटक पाहणारा देश’ ही ख्याती चिकटली होती. वर्षाकाठी दहा-बारा हजार पाहुणे, असा त्याचा आकडा प्रचारात होता. ज्या देशात सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या भूमिगत बोगद्यांत मद्याच्या कुप्या रचून ठेवल्या आहेत, तेथे फिरकण्याची बुद्धी युरोपातील मद्यरसिकांस होऊ नये हे चमत्कारिक वाटते. पण चमत्कार काहीच नव्हता. तो आकडा प्रवास-कंपन्यांमार्फत संघटितपणे आलेल्या परदेशीयांचा होता. रुमानियाच्या हद्दीवरून स्वतःच्या मोटारीने आलेला, राजधानी चिशिनाऊमध्ये मित्राच्या घरी उतरलेला किंवा हॉटेलात परभारे खोली घेतलेला मनुष्य त्या वहीत येतच नव्हता. हद्दीवरील परदेशीयांची नोंद मात्र लक्षावधींच्या घरात जात होती. सान मारिनोची गोष्ट याच जातीची. इटलीतील रिमिनीच्या किनाऱ्यावरून सकाळी बसने येऊन, किल्ल्याचे बुरूज पाहून सायंकाळी परतणारे लोक तेथे वर्षाला अठरा-वीस लाखांच्या आसपास असतात, परंतु ते रात्र काढत नाहीत म्हणून पर्यटकांच्या रकान्यात हे प्रजासत्ताक ओसाड दिसते. लिख्टेनश्टाइनचा स्वित्झर्लंडशी १९२३ पासून जकातसंघ असल्यामुळे त्या हद्दीवर कोणी कोणास मोजतच नाही. तेथे हॉटेलवाला हाच शिरगणतीचा कारकून. व्हॅटिकनचे नाव तर कोणत्याच फिरिस्तीत धड बसत नाही, कारण तेथे लाखो लोक जातात आणि पाहुण्यांसाठी हॉटेल एकही नाही.

आता तुवालूकडे वळू. नऊ बेटे, सव्वीस चौरस किलोमीटर भूमी आणि अकरा हजारांच्या आसपास लोकवस्ती असा हा देश बहुतेक फिरिस्तींत अग्रस्थानी किंवा त्याच्या लगत असतो. महामारीपूर्वीच्या वर्षांत त्याचा आकडा तीन-चार हजारांच्या पलीकडे गेला नव्हता. फुनाफुटी बेटावरील धावपट्टी अमेरिकी आरमाराने १९४३ मध्ये युद्धासाठी बांधली. आठवड्यातून मोजकी विमाने मुख्यतः फिजीतील सुवा शहराहून येतात, विमान येण्यापूर्वी भोंगा वाजतो, आणि एरवी सायंकाळी त्याच धावपट्टीवर मुलांचे फुटबॉल व व्हॉलीबॉलचे खेळ रंगतात. देशात शिरण्याचा हा जवळजवळ एकमेव दरवाजा. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक माणसाचे कार्ड भरून घेणे शक्य होते आणि आकड्यात गळती राहण्यास फारसा वाव नसतो. शंभर हद्दींच्या विशाल देशांना जे साधत नाही ते या चिमुकल्या देशाला अनायासे साधते, ही गोष्ट अल्पपर्यटित देशांवर विनोद करणारांच्या लक्षात येत नाही.

तरीही, तो आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ सरळ नाही. या तीन-चार हजारांत समुद्राची पातळी मोजावयास आलेले शास्त्रज्ञ, मदत देणाऱ्या सरकारांचे सल्लागार, बंधाऱ्याचे अभियंते आणि ऑकलंडला स्थायिक होऊन आईबापांच्या भेटीस आलेले तुवालूवासी यांचा भरणा मोठा असतो. निव्वळ हौसेने आलेला प्रवासी त्यांत विरळा. ऑगस्ट २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांच्या राष्ट्रप्रमुखांची परिषद फुनाफुटीत भरली, तेव्हा आलेल्या शिष्टमंडळांतील लोक व वार्ताहर यांची गणनाही नियमानुसार अभ्यागतांतच व्हावयाची. जेथे एकूण संख्याच चार अंकी, तेथे अशा एका बैठकीने वार्षिक वाढीची टक्केवारी फुगते, आणि पुढील वर्षी बैठक नसली की पर्यटनाची घसरण झाली असा मथळा देण्यास वृत्तपत्रे मोकळी होतात.

किरिबातीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. तारावा आणि किरितिमाती या त्याच्या दोन मुख्य दारांमध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटर समुद्र आहे. शिवाय या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत होनोलुलूहून निघणारी परदेशी निशाणाची सहलजहाजे त्याच्या फॅनिंग बेटावर थांबत असत, आणि याचे कारण त्या बेटाचे सौंदर्य एवढेच नव्हते. परदेशी जहाजाने अमेरिकी बंदरांमध्येच उतारूंची ने-आण करू नये असा १८८६ चा अमेरिकी कायदा आहे, आणि त्याची पूर्तता करण्यास जवळचे परदेशी ठिकाण म्हणून हे बेट उपयोगी पडे. हे उतारू वाळूवर काही तास काढून जहाजावर परतत. त्यांना धरावे तर किरिबाती गजबजलेला ठरतो, वगळावे तर ओस. आणि दोन्ही हिशेब नियमाला धरून आहेत.

नाऊरूविषयी मात्र मला फिरिस्तकारांचा दोष अधिक वाटतो. या एकवीस चौरस किलोमीटरच्या देशाने माद्रिदला नियमितपणे आकडा कळवलेला नाही. तरीही वर्षाला दोनशेहून कमी पर्यटक अशी एक संख्या कित्येक वर्षे हातोहात फिरत राहिली. स्वतःची विमानकंपनी चालवणाऱ्या देशाच्या बाबतीत हा आकडा किती पोकळ आहे, हे एका विमानातील आसने मोजली तरी उमगते. ऑस्ट्रेलियाने तेथे ठेवलेल्या आश्रयार्थींच्या छावणीमुळे कर्मचारी, वकील व अधिकारी यांची ये-जा सतत होती; त्यांतील पर्यटक कोणास म्हणावे हा वादाचा विषय आहे खरा, पण म्हणून ते अस्तित्वातच नव्हते असे नाही. वार्ताहरांनी येऊ नये अशी तजवीज मात्र सरकारने २०१४ मध्ये केली : त्यांच्या व्हिसाचे शुल्क आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठरवले आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळणार नाही असे जाहीर केले.

तुर्कमेनिस्तानने २००७ साठी सुमारे आठ हजारांचा आकडा दिला आणि त्यानंतर मौन धरले. पुढील कित्येक वर्षांच्या फिरिस्ती हाच शिळा आकडा वाढीत आल्या. ज्यांनी आकडा कधीच दिला नाही त्यांची स्थिती आणखी विचित्र होते. कोष्टकात रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, पण क्रम लावणाऱ्याला रिकाम्या रकान्याचे काय करावे हे उमजत नाही आणि तो देशच गाळून टाकतो. सबब जेथे प्रवासी खरोखर अत्यल्प असण्याचा संभव, तोच मुलूख फिरिस्तीबाहेर राहतो. येमेनचे सोकोत्रा बेट पाहावयास जाणारे युरोपीय अबुधाबीहून विमानाने उतरत. राजधानी साना येथील दफ्तराला त्याची वार्ता नसे. सोमालियापासून फुटलेले सोमालीलँड स्वतःचा व्हिसा देते. तो मोगादिशूच्या हिशेबात कोणत्या वाटेने शिरावा?

याच्या उलट टोकाला फ्रान्स आहे. वर्षाला दहा कोटींच्या आसपास पर्यटक हा त्याचा जगप्रसिद्ध आकडा नमुना-पाहणीवरून बांधलेला अंदाज आहे, कारण शेंगेन करारामुळे त्याच्या बहुतेक हद्दींवर १९९५ पासून पारपत्र तपासले जात नाही. आणि स्पेनच्या किनाऱ्याकडे मोटार हाकताना वाटेत एक रात्र पाठ टेकणारा डच कुटुंबप्रमुखही त्यात आहे. तेव्हा अग्रस्थानाचा आकडा अनुमानाचा आणि तळच्या स्थानाचा प्रत्यक्ष मोजलेला, असा हा मामला आहे.

भूतानचे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे. १९७४ मध्ये त्याने परदेशीयांस प्रथम दार उघडले तेव्हा २८७ प्रवासी आले. पुढे डॉलरांत दैनिक शुल्क भरणारे ते ‘आंतरराष्ट्रीय’ आणि शुल्कमुक्त भारतीय, बांगलादेशी व मालदीवचे ते ‘प्रादेशिक’, असे दोन निराळे हिशेब तेथे चालत आले. केवळ पहिला हिशेब पाहणाऱ्यास भूतान एकांतप्रिय वाटे; पारोच्या रस्त्यांवर मराठी-गुजराती सहलकंपन्यांचे तांडे पाहिलेल्या माणसास तसे वाटण्याचे कारण नव्हते. २०१९ मध्ये दोन्ही मिळून तीन लाखांवर पाहुणे आले आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. २०२२ पासून भारतीयांसही रात्रीला बाराशे रुपये द्यावे लागतात.

आपल्या घरची वहीही तपासण्याजोगी आहे. २०२४ च्या अखेरीस गोव्यात परदेशी पर्यटक घटल्याचे आकडे एका उद्योजकाने समाजमाध्यमावर मांडले, तेव्हा राज्याच्या पर्यटन खात्याने ते खोटे असल्याचे सांगून पोलिसांत तक्रार केली. आकडेवारीचा वाद फौजदारी वळणावर गेल्याचे असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. केंद्र सरकारची गोष्ट शांतपणे घडली. भारत पूर्वी केवळ परकीय नागरिकांची आगमने कळवीत असे, आणि २०१४ साली ती ७६.८ लाख होती. आंतरराष्ट्रीय नियमात निकष नागरिकत्वाचा नसून वास्तव्याचा आहे, म्हणून न्यू जर्सीत राहणारे आणि गणपतीसाठी पुण्याला येणारे भारतीय पारपत्रधारकही पर्यटकच ठरतात, हे ध्यानी घेऊन अनिवासी भारतीयांचीही गणना सुरू झाली आणि त्याच वर्षाचा आकडा १ कोटी ३१ लाखांवर गेला. जागतिक क्रमवारीत भारत ४१ व्या स्थानावरून २४ व्या स्थानावर आला, आणि त्यासाठी एकही प्रवासी अधिक यावा लागला नाही.