विसार परत करावा काय? आगाऊ मागणीच्या संग्राह्य वस्तूंच्या निमित्ताने

व्यवहार ठरल्याची खूण म्हणून खरेदीदार विक्रेत्याच्या हाती जी रक्कम ठेवतो, तिला मराठीत विसार, इसार, बयाणा, संचकार अशी विविध नावे आहेत. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरसारख्या मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी या शब्दांचा अर्थ कोणास समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु हीच रक्कम आज एका नव्या क्षेत्रात मागितली जाते. स्मारक नाण्यांचे संच, मर्यादित आवृत्तीचे ग्रंथ, धातूच्या प्रतिकृती अशा संग्राह्य वस्तूंची मागणी त्या तयार होण्यापूर्वीच नोंदविली जाते, आणि पावतीवर ‘विसार कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे वाक्य छापलेले असते. या वाक्याचे बळ किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न नवा भासला तरी तो फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘सत्यंकार’ म्हणून दिलेल्या द्रव्याचा विचार आला आहे. त्यावरील ‘मिताक्षरा’ टीकेत विज्ञानेश्वराने अंगठीचे उदाहरण घेतले आहे. सौदा पार पडावा म्हणून एकाने दुसऱ्याच्या हाती अंगठी ठेवली आणि पुढे देणाऱ्यानेच शब्द मोडला, तर त्याने अंगठी गमवावी. घेणाऱ्याने मोडला, तर त्याने दुप्पट परत करावी. रोमन सम्राट जस्टिनियनच्या विधिसंहितेतही हाच नियम आढळतो. दोन्ही परंपरांतील महत्त्वाची गोष्ट अशी की, विसार एकाच पक्षास बांधीत नाही. ‘परत मिळणार नाही’ असे छापणारा विक्रेता या नियमाचा पूर्वार्ध तेवढा उचलतो आणि उत्तरार्ध विसरतो.

आधुनिक भारतीय कायद्याचा पाया १८७२ चा करार अधिनियम हा होय. त्याच्या कलम ७४ अन्वये करारभंगाबद्दल आधी रक्कम ठरविलेली असली, तरी पीडित पक्षास त्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाई मिळू शकते. १९६३ साली फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १,००० रुपयांचा विसार विक्रेत्याकडे राहू दिला. मात्र किमतीपोटी मिळालेले २४,००० रुपये जप्त करू दिले नाहीत. किंमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम आणि विसार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९६९ साली त्याच न्यायालयाने दोन निर्णय दिले, आणि ते एकत्र वाचण्याजोगे आहेत. हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या खटल्यात विमानांच्या मोडीचा सौदा १०,००,००० रुपयांचा होता. खरेदीदाराने २,५०,००० रुपये भरून उरलेली किंमत दिली नाही. ती रक्कम विसार ठरून जप्ती कायम झाली. मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार या खटल्यात लष्करास बटाटे, कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याच्या करारांपोटी ठेकेदाराने १०,००० व ८,५०० रुपये ठेवले होते. ती रक्कम विसार नसून अनामत आहे, आणि नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असूनही सरकारने ते सिद्ध केले नाही, म्हणून जप्ती अमान्य झाली. सारांश, रकमेस पावतीवर कोणते नाव दिले आहे यापेक्षा ती कशासाठी घेतली गेली, हे महत्त्वाचे.

२०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हा विचार आणखी पुढे गेला. १९८२ च्या लिलावातील भूखंडापोटी ७८,००,००० रुपये घेतले होते. पुढे प्राधिकरणाने वाटप रद्द करून तो भूखंड मूळ ३.१२ कोटींच्या बोलीऐवजी ११.७८ कोटी रुपयांस विकला. खरेदीदाराकडून करारभंग झालेला नव्हता, आणि प्राधिकरणाचे नुकसान तर नव्हेच, उलट लाभच झाला होता. म्हणून विसार परत करण्याचा आदेश झाला. जेथे नुकसान मोजणे अशक्यप्राय असते तेथे आधी प्रामाणिकपणे अंदाजलेली रक्कम मान्य करता येते. परंतु मोजता येत असेल तर पुराव्यावाचून सुटका नाही, असे तत्त्व त्यात सांगितले आहे.

हे तत्त्व संग्राह्य वस्तूंना लावून पाहू. समजा, भिवापूर येथील एका संग्राहकाने ५,००० रुपयांच्या नाणेसंचासाठी १,००० रुपये विसार दिला आणि पुढे घरातील आजारपणामुळे मागणी रद्द केली. तोच संच विक्रेत्याने दुसऱ्यास ६,००० रुपयांस विकला, तर नुकसान कोणते? संच ४,६०० रुपयांसच गेला आणि पत्रव्यवहारास ५० रुपये लागले, तर नुकसान ४५० रुपयांचे. उरलेले ५५० रुपये परत करणे न्याय्य ठरते. उलट, संचाच्या पेटीवर त्या संग्राहकाचे नाव कोरले असेल आणि ती दुसरा कोणी घेणार नसेल, तर सर्व विसार ठेवणे वाजवी, आणि कदाचित तोही अपुरा.

या ठिकाणी विक्रेत्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. आगाऊ मागणीच्या व्यवहारात विसार म्हणजे केवळ हमी नव्हे. किती प्रती काढावयाच्या याचा तो अंदाजही असतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या २३ विभागांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशासारखे बहुखंडी ग्रंथ मागणीच्या काही खात्रीवाचून छापावयास घेणे कठीण असते. प्रत्येकास केव्हाही पैसे परत मिळू लागले तर ही खात्रीच उरणार नाही, आणि त्याचा भार शब्द पाळणाऱ्या ग्राहकांवर पडेल. हा आक्षेप खरा आहे; पण तो वाजवी विसाराचे समर्थन करतो, अमर्याद विसाराचे नव्हे. शिवाय संग्राह्य वस्तूचे वैशिष्ट्य असे की, ती दुर्मीळ असल्याने सोडलेली प्रत घेण्यास पुष्कळदा दुसरा ग्राहक तयार असतो. ज्या दुर्मीळतेचा आधार घेऊन विक्रेता विसार मागतो, तीच त्याचे नुकसान कमी करते.

विक्रेताच चुकला तर प्रश्न अधिक सोपा आहे. वस्तू तयारच झाली नाही, किंवा जाहीर केलेल्या वर्णनाहून निराळी निघाली, तर ‘परत मिळणार नाही’ हे वाक्य त्याच्या उपयोगी पडत नाही. कलम ६४ व ६५ अन्वये मिळालेला लाभ परत करावा लागतो आणि कलम ७३ अन्वये भरपाईही मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात तर उघडपणे अवाजवी अनामत मागणारा, अथवा नुकसानाच्या मानाने बेसुमार दंड लादणारा करार ‘अनुचित करार’ गणला आहे, आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

तेव्हा तीन निष्कर्ष काढता येतात. विक्रेत्याकडून शब्द मोडला गेल्यास विसार संपूर्ण परत केला पाहिजे. ग्राहकाने मोडला असता विसार अल्प असेल आणि नुकसान मोजता येण्याजोगे नसेल, तर तो ठेवता येतो. मोजता येत असेल, तर नुकसान वजा करून बाकी परत करणे श्रेयस्कर. आणि अपवादात्मक अडचणीत, माल दुसऱ्यास सहज विकला जात असेल तेव्हा, कायद्याने बांधले नसले तरी विक्रेत्याने विसार सोडावा. कारण संग्राहक एका वस्तूसाठी येत नाही, तो पुढील वीस वर्षे येत राहतो.

‘सत्यंकार’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘खरे करणे’ असा आहे. मराठीतील संचकाराचे त्याच्याशी नाते उघड दिसते. ज्या रकमेने दोघांचाही शब्द खरा करावयाचा, ती एकाच्याच लाभाचे साधन झाली, तर विसार हे नाव तेवढे उरते. त्यामागील तत्त्व उरत नाही.