'कधीच' आणि 'नेव्हर'

'गोविंद कधीच आला' म्हणजे तो केव्हाच येऊन पोहोचला. 'गोविंद कधीच आला नाही' म्हणजे तो एकदाही आला नाही. मुलांनो, मराठीत नकारासाठी 'कधीच' या शब्दाला 'नाही'ची जोड लागते. इंग्रजीतील 'नेव्हर' या क्रियाविशेषणात मात्र नकार अंतर्भूतच असतो. म्हणून 'आय नेव्हर टेल लाइज' म्हणजे 'मी कधीच खोटे बोलत नाही'. मराठीच्या सवयीने त्यात आणखी 'नॉट' घातल्यास प्रमाण इंग्रजीत दोन नकार परस्परांना छेद देतात आणि सत्यवचनी मुलगा स्वमुखानेच असत्यवादी ठरतो! 'नेव्हर'प्रमाणेच 'ऑल्वेज', 'ऑफन' हे वारंवारता सांगणारे शब्दही सामान्यतः मुख्य क्रियापदापूर्वी, परंतु 'ॲम', 'इज', 'आर' यांच्यानंतर येतात. परभाषा शिकताना शब्दांच्या अर्थाबरोबर त्यांचा स्वभावही जाणून घ्यावा.