शनिवारी थांबणारा घाणा

कोकणात, अलिबागच्या परिसरात, तेल गाळणारी काही घराणी शनिवारी घाणा बंद ठेवत. लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हेच आपले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल. आडनावे आपल्या कोकणी मुसलमानांसारखीच, गावावरून: दिवेकर, किहीमकर, पेणकर.

त्यांच्या परंपरेनुसार ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. उरले ते घरातले: शनिवारची विश्रांती, मुलाचा आठव्या दिवशी खतना आणि 'शेमा', म्हणजे ईश्वर एकच असल्याची ग्वाही. पुढे दाविद राहाबी नावाचे यहुदी आले. त्यांनी बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेलीच निवडली, आणि त्यांची ओळख पटली, असे सांगतात. मग राहाबींनी तिघांना धर्मज्ञान दिले. त्यांना लोक 'काजी' म्हणू लागले. 1796 मध्ये मुंबईत समुएल इझिकेल दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले. मराठीत त्यालाही ते 'मशीद'च म्हणत.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तिथल्या धर्मगुरूंनी लग्नांच्या वेळी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहुदी मानले गेले.

आम्ही शिक्षक मुलांना पुस्तके देतो. पण इथे दीन सांभाळला तो चुलीने आणि घाण्याने. शनिवारची कमाई सोडणे गरीब तेल्याला सोपे नव्हते. जुमाच्या अजानला आपल्या किती दुकानांची शटरे खाली येतात? मुले ते पाहत असतात.