रॅम भरली की नेटचं काय होतं?

ॲपच्या नेट कनेक्शनच्या आपल्या फोनकडच्या टोकाला सॉकेट म्हणतात. आलेला डेटा ॲप उचलेपर्यंत सॉकेटच्या बफरमध्ये, म्हणजे रॅममध्येच थांबतो. अँड्रॉइडच्या पोटातल्या लिनक्सने सगळ्या टीसीपी बफरसाठी मिळून 3 मर्यादा आखलेल्या असतात. मधली ओलांडली की कर्नल हात आखडता घेतो आणि सर्व्हरला कळवतो, ‘जरा कमी पाठव’. वरची ओलांडली तर आलेली पाकिटं चक्क टाकून देतो. सर्व्हर ती पुन्हा पाठवतो. फाइल बिघडत नाही, वेळ मात्र जातो.

माझ्या मते फोनवर गोष्ट क्वचितच इथवर जाते. त्याआधीच अँड्रॉइड मागे पडलेली ॲप्स बंद करतं, त्यांचे सॉकेटही जातात. समोर उघडं असलेलं ॲप शेवटी मारलं जातं. म्हणून फॉर्म अपलोड करताना मी गेम बंद करतो आणि त्याच स्क्रीनवर थांबतो.